किसनमामांनी बांधलेली चोच

दिवाळी अंकात आपल्या धंद्याबद्दल लिहायचा मान बहुतेक रिटायर माणसांचा. पोस्टमास्तर, एसटीचे ड्रायव्हर, जेलर, असे. माझं वय सत्तावीस. मी रिटायर व्हायचा सवालच नाही, कारण मला अजून कुणी नोकरीलाच लावलेलं नाही. पण संपादक म्हणले, "तुझ्यासारखा धंदा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नाही, तूच लिही." तेव्हा छाती फुगली ती अजून बसली नाही. तेवढं वाचताना सांभाळून घ्या.

मी आवाज काढतो. माणसांचे, गाड्यांचे, जनावरांचे, आणि पक्ष्यांचे तर लय. सेलूत मला संदीप कुणी म्हणत नाही, टेप म्हणतात. लग्नात अँकरिंग, बारशाला लेकरं हसवणं, जयंतीच्या मिरवणुकीत माइक, नव्या दुकानाची रिक्षातून जाहिरात, हे पोटासाठी. शाळाशाळांत जाऊन पक्ष्यांचा कार्यक्रम करतो, तो जिवासाठी. आमचे पप्पा तहसीलला क्लार्क. त्यांना कुणी विचारलं, "पोरगं काय करायलंय?" की ते आधी म्हणायचे, "एमपीएससी." आता म्हणतात, "टिटवी." प्रगती आहे.

लोकांना वाटतं ही घशातली देणगी. अहो, घसा सगळ्यांनाच आहे. खरं काम डोळ्याचं. आवाज आधी अंगात येतो, मग तोंडात. कंडक्टर काढायचा तर आधी डावा खांदा खाली टाकायचा, जशी काय चिल्लरची बॅग लटकली आहे. खांदा पडला की "चला, पुढं सरका" आपोआप निघतं. टिटवी काढायची तर आधी टिटवीसारखं चार पावलं पळून एकदम थांबायचं. उभं राहून टिटवी निघत नाही. मी लहान पोरांना हेच सांगतो, आधी पाय शिका, मग तोंड उघडा.

एकदा देवगाव फाट्यावर चहाच्या टपरीत बसून मी सहज एसटी काढली. लांबून येणारी, चढाला गिअर बदलणारी, मग थांबताना तो हवा सोडल्यासारखा फुस्स आवाज. बाकड्यावरचे सगळे पिशव्या घेऊन उठले. एक आजी तर पदर खोचून रस्त्यावर गेल्या. गाडी नाही म्हणल्यावर परत आल्या आणि मला म्हणल्या, "मेल्या, आता खरी आली तरी मी उठायची न्हाई." आणि खरंच उठल्या नाहीत. खरी गाडी निघून गेली. मला त्यांना मोटारसायकलवर जिंतूरपर्यंत सोडावं लागलं. वाटंत त्यांनी माझ्याकडून कोंबडा, म्हैस आणि त्यांची थोरली जाऊ असं तिन्ही काढून घेतलं. जाऊ मी कधी बघितलेली नव्हती, त्यांनी सांगितली तशी काढली. "अगदी बराबर," म्हणल्या.

राणीसावरगावकडच्या एका शेतकऱ्यानं मला ज्वारीवर बसवलं होतं. हुरड्याचे दिवस, पोपट बेसुमार. "शिकरा ससाण्याचा आवाज काढ, पळतेत," म्हणले. आधी पळाले. मग शेजारच्या बाभळीवर बसून ऐकायले. शेवटी माझ्या डोक्यावरच्याच कणसाला लटकून खायले. पोपट ही स्वतः नक्कल करणारी जात, त्यांना धंदेवाला ओळखू येतो. मालकानं मला काढून गोफणवाला ठेवला. त्याचं दुःख नाही. हरलो ते आपल्याच बिरादरीकडून.

तर या धंद्याचं भांडवल म्हणजे जबडा. तो माझा एकदा निखळलेला आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. दहावीला असताना मी आमच्या हेडमास्तरांची जांभई काढत होतो. सरांची जांभई लय मोठी, सुरू झाली की तास संपायचा. मी ती काढली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वर्गाला वाटलं, आज टेपनं कमाल केली. टाळ्या वाजायल्या. मी डोळ्यांनी सांगायलो, अरे मिटंना, मिटंना. तर अजून टाळ्या. शेवटी पप्पांनी स्कूटरवर घालून वालूरच्या पुढं एका गावी नेलं, किसनमामांकडं. गावाचं नाव लिहीत नाही. मामा अजून तिथंच आहेत आणि मला तिथं परत जायचंय.

किसनमामा हाडं बसवतात. आज्यापासून चालत आलेलं काम. बांबूच्या तासलेल्या कामट्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकात भिजवलेल्या चिंध्या, आणि वर हळदीनं पिवळा केलेला दोरा. चिंध्या वाळल्या की प्लास्टर झक मारतं. पैसा घेत नाहीत. पण कायदा कडक. गाठ मामाच मारणार, मामाच सोडणार. मुदत पुरी झाली की रोग्यानं नारळ घेऊन यायचं, मामा गाठ सोडणार आणि अंगणातल्या दगडावर नारळ फोडणार. मुदतीआधी कुणी गाठ सैल केली तर त्यानं परत त्या अंगणात यायचं नाही. सख्ख्या भाच्याला त्यांनी असं उठवलेलं आहे. मामांचे डोळे तेव्हाच अधू होते. आता मोतीबिंदूनं समोरचा माणूस म्हणजे नुसतं धुकं. ऑपरेशन करा म्हणलं तर म्हणतात, "डोळ्यानं हाड दिसतंय का? मंग?"

माझ्या दाढांवर त्यांनी दोन्ही अंगठे ठेवले, खाली दाबलं आणि मागं सारलं. कट् वाजलं. मग हनुवटी धरून म्हणले, "फुडचे दात जुळव. जुळले? फुडचे जुळले की जबडा जाग्यावर. मधल्या फटी ज्याच्या त्याच्या." माझ्या दातांत बाजूला जरा फट आहे, तिच्यावरून बोलले. मला तोंड मिटल्याचा आनंद कमी आणि ते वाक्य सापडल्याचा जास्त. परत येताना स्कूटरवर मागं बसून पप्पांच्या कानात मी तेच म्हणत होतो, मामांच्या आवाजात. तेव्हापासून वालूर भागातल्या कुठल्याही लग्नात किसनमामा काढल्याशिवाय लोक मला स्टेजवरून उतरू देत नाहीत.

गेल्या वर्षी, पोळा नुकताच झाला होता, त्याच गावच्या शाळेतून फोन आला. हेडमास्तरीण देशमुख मॅडम. "आमच्या तळ्यात पक्षी आलेत, घरटी केलीत. मुलांना त्यांच्याबद्दल सांगा." मी म्हणलो, "कोणते?" त्या म्हणल्या, "ते चोच न मिटणारे."

मी ओळखले. उघड्या चोचीचा करकोचा. पुस्तकात याला मुग्धबलाक म्हणतात. हे नाव ऐकून वाटतं, आत्ता कुठंतरी वीणा वाजणार. गावातली लेकरं अडकित्त्या म्हणतात, ते जास्त बरोबर. अंगानं मळक्या धोतरासारखा पांढरा, पंखाची कड काळी, पाय लांबच लांब. आणि चोच अशी की मुळाशी जुळते, टोकाला जुळते, पण मधी दोन्ही भागांत फट. आरपार तळं दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याला कुणीतरी दगड मारला.

शाळेच्या पटांगणात मी सुरुवात लय झोकात केली. टिटवी, भारद्वाज, कोकिळा, तित्तर. मग करकोचा घेतला. एक पाय वर, मान खांद्यात, डोळे अर्धे. पोरं खूश. त्याच्या एकेका अवयवाची गंमत सांगितली. पाय काठीसारखे बारीक, म्हणजे पाण्यातून चालताना लाट उठत नाही. बोटं पसरट, म्हणजे चिखलात रुतत नाहीत. आणि ऊन लय झालं की हा स्वतःच्याच पायांवर शिटतो. ते ओलं वाळताना पाय गार पडतात, पायातलं रगत गार होतं, सगळं अंग गार. "आपण कूलर लावतो, त्यानं अंगातच बसवलाय," म्हणलं. यावर पहिलीपासून सातवीपर्यंत सगळं पटांगण लोळलं. मॅडमनी पुढं जा म्हणून हात केला.

तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी उठली. "सर, हा वरडतो कसा?"

"याला आवाज नसतो गं. लहानपणी पिल्लं चिरचिरतात, मोठं झाल्यावर जवळपास मुकंच. गळ्यात आवाजाची शिरच चालत नाही त्याच्या."

"आवाज न्हाई तर तुमाला कामून बोलावलं?"

सवाल बिनतोड होता. मी म्हणलो, "हे पक्षी आनंदात आले, जोडीदार घरट्यावर आला, की चोच वाजवतात. टकटकटक." आणि जिभेनं टाळूवर वाजवून दाखवलं. मुलगी म्हणली, "हे तर घोडा हाय." बरोबर होतं तिचं. मी घरी लय मेहनत केलेली, दातावर, ओठावर, गालावर. करकोचा कधी निघालाच नाही. घोडाच निघायचा.

"मंग किसनमामाला इचारा," ती म्हणली. "त्यांच्या घरी हाय एक. त्याची चोच मोडली व्हती, मामानं बांधली."

कार्यक्रमाचा समारोप कसा केला आठवत नाही. मला वाटतं, केलाच नाही.

मामांच्या अंगणात एक जण गळ्यात हात बांधून बसला होता. मामांच्या दगडी ओट्यावर, जिथं सगळे रोगी बसतात. मामी चुलीवर भाकरी करत होत्या. कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं मोठ्ठं डालगं पालथं घातलेलं. मी वाकून आत बघितलं.

पक्षी पाय मुडपून बसला होता. एक पंख अंगाशी बांधलेला, लय नीट, जसा लेकराला गुंडाळतात तसा. ते ठीक होतं. पण चोचीला खालून-वरून दोन कामट्या, त्यावर चिंध्यांचे फेरे, बलक वाळून कडक झालेला, आणि वर पिवळी गाठ. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवलेल्या. उपाशी पक्ष्याचा डोळा कसा असतो ते मी तेव्हा बघितलं. तो डोळा मला काढता येत नाही आणि काढायचा पण नाही.

"जय भीम, मामा. मी संदीप, सेलूचा."

"जबडा," मामा म्हणले. ते माणसं अशीच ओळखतात. "बस."

मामींनी सांगितलं, "जाळ्यात गुतलं व्हतं बाबा. मासे धरणारी पोरं घेऊन आली परवा. पंख मुरगळला व्हता, त्यो बसवला. बघतो तर चोच बी निखळल्याली. काहीच खाईना बघ. मी कण्या कालवून दिल्या, दूध दिलं. तोंडच उघडंना."

"मामी, तोंड बांधलंय त्याचं."

"ते जुळंस्तवर बांधायचंच की," मामा म्हणले. "फट लय हाय. सांच्याला अजून एक फेरा आवळतो. रोज थोडं थोडं आवळलं की बसंल."

चोच काही हाड जुळावं तशी जुळणार नव्हती. आवळत गेलं तर एक दिवस तडकणार, आणि त्याच्या आधी हा उपासानं जाणार. मी वनखात्याच्या गार्डला फोन लावला. ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. म्हणले, सकाळी येतो, पंखाला हात लावू नका, चोच तेवढी आत्ताच्या आत्ता मोकळी करा. मी मामांना सांगितलं.

"त्याला म्हणावं, गाठ किसनची हाय."

"मामा, याची चोच निखळलेली नाही. ती तशीच असते. जन्मतः नाही, पिल्लाची चोच मिटलेलीच असते, पण मोठं होताना मधी फट पडत जाते. हे गोगलगाया खातात, त्यासाठी."

"त्वा कुठं बघितलं?"

"तळ्यावर चला, सगळ्यांची दाखवतो."

"मला तळंच दिसत न्हाई, तर चोच कुठली."

खिशातून मोबाईल काढला होता, तो परत ठेवला. म्हणलं आता नीट समजावून सांगावं. सांगितलं, की मामा, हे लाखो वर्षांत झालंय. एखाद्या पक्ष्याच्या चोचीत जरा फट आली, त्याला निसरडी गोगलगाय जरा बरी धरता आली, त्याची पिल्लं जास्त जगली. त्या पिल्लांतही ज्याला फट जास्त त्याचं पोट जास्त भरलं. असं होत होत सगळ्यांच्याच चोची अशा झाल्या.

मामांनी शांतपणे ऐकलं. म्हणले, "लाखो वर्षं?"

"हो."

"आन एवढ्या वर्षांत एकानं बी नीट करून घेतली न्हाई?"

ओट्यावरचा हातवाला हसला. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं आणि हसायचा थांबला. म्हणला, "मामा, पन माझा हात तरी बराबर हाय ना?"

मामीची भाकर तव्यावर तशीच राहिली. मला तेव्हा कळलं की मी काय मागायलोय. मी त्या माणसाला म्हणायलो होतो, की तुझ्या बोटांनी चूक केली, आणि ती सगळ्यांसमोर, रोग्यासमोर, तुझ्याच हातानं सोड. पक्षी जगायचा तर मामांचा कायदा मोडायला पाहिजे, आणि कायदा मोडला तर मामांकडं राहतं काय? डोळे तर आधीच गेलेले.

मग मामा म्हणले, "तू माझी नक्कल करतूस म्हणं."

मी डालग्याकडं बघायलो.

"वालूरच्या लग्नात केलतीस. लोकं पोट धरून हसली म्हणं."

"करतो मामा."

"कर."

"आत्ता?"

"मंग काय पंचमीला?"

आयुष्यात एवढ्या घाबरत मी कधी आवाज काढला नाही. पण धंदा तो धंदा. मी उठलो. आधी अंग आणलं. मान डावीकडं, कारण मामा ऐकताना मान डावीकडं करतात. डोळे कुठंच नाहीत. बोटं पुढं, जशी पाण्यात चालायलीत. मग हवेतल्या एका रोग्याच्या दाढांवर अंगठे ठेवले. "हालू नगस. मरायला आलास का बरं व्हायला?" हातवाला फुस्सकन हसला. मामीनं तोंडाला पदर लावला. मी हवेतला जबडा दाबला, कट् वाजवला, हनुवटी धरली आणि म्हणलो, "फुडचे दात जुळव. जुळले? फुडचे जुळले की जबडा जाग्यावर. मधल्या फटी ज्याच्या त्याच्या."

ते वाक्य मी शेकडो वेळा म्हणलेलं आहे. त्या दिवशी म्हणलो आणि पहिल्यांदा ऐकू आलं. मी जागीच थांबलो. मामांची मान डावीकडं गेलेली होती. तेही तेच ऐकायले होते.

"डालगं इकडं आण," ते म्हणले.

पक्षी मी मांडीवर धरला. मामांनी चोचीच्या टोकाला, जिथं चिंध्या संपत होत्या, तिथं नख लावलं. वरचं टोक, खालचं टोक. परत वरचं. लय वेळ. मग बाजूनं हात फिरवला, इकडून, तिकडून.

"निखळलेला जबडा एका अंगाला जातो," ते हळू म्हणले, आम्हाला नाही, स्वतःलाच. "ह्यो सरळ हाय. आन टोकं जुळतेत." मग मामीला, "चिमटा दे गं."

मामीनं भाकरीचा चिमटा दिला. मामांनी तो दाबला. टोकं भेटली, मधी पोकळ. सोडला, परत दाबला. "मधी बी जुळला असता तर ह्यानं भाकर धरली असती का?"

"निसटली असती," मामी म्हणल्या.

"पानी गरम कर."

कोमट पाण्यात चिंधी भिजवून मामांनी बलक मऊ केला. गाठीवर बोट ठेवून थांबले. ओट्याकडं तोंड करून म्हणले, "माझ्या हातानं मुदतीआधी सुटायली, अशी ही पैली गाठ. तुझा हात बराबर बांधलाय. पन मनात आलं असंल तर जा, मी काय म्हणनार न्हाई."

हातवाला जरा हलला. मग म्हणला, "बसतो मामा. चुकलं तर सोडता तुमी, हे तरी कळालं."

गाठ सुटली. कामट्या खाली पडल्या. पक्ष्यानं चोच उघडली, मिटली, उघडली. मधली फट जशीच्या तशी, आरपार मामीची चूल दिसायली. शाळेतली पोरं तोवर फाटकाशी जमलीच होती. त्यांना म्हणलं, पळा, तळ्यातल्या गोगलगाया आणा, चिखलासकट. घमेल्यात गढूळ पाणी केलं, गोगलगाया सोडल्या, पक्षी शेजारी ठेवून आम्ही सगळे भिंतीपर्यंत मागं सरकलो.

बराच वेळ काही नाही. मग त्यानं चोच घमेल्यात घातली. बघत नव्हता, कुठंतरी तिसरीकडंच नजर. चोच मात्र चिखलात बारीक बारीक चाललेली. एकदम थांबली. पाण्याखालीच काहीतरी खटपट केली. गोगलगाय तोंडाला झाकण लावून बसते, त्या झाकणाखाली हा खालच्या चोचीचं टोक सारतो आणि आतून मांस कापून सोडवतो. मान वर केली तेव्हा मऊ मांस चोचीत होतं. गिळलं. परत चोच आत.

मी घमेल्यातून रिकामा शंख काढून मामांच्या हातात दिला. त्यांनी तो सगळीकडून चाचपला, जसं काय कुणाचं मनगट.

"कुठंच टिचला न्हाई."

"फोडत नाही मामा तो. सोडवून घेतो."

"आन न बघता?"

"गढूळ पाण्यात काय दिसणार? चाचपूनच."

मामा जरा वेळ शंख फिरवत बसले. "मंग आपल्यातलंच हाय की," म्हणले.

खाली पडलेल्या कामट्या मी उचलल्या. उगीच हाताला चाळा म्हणून एकमेकींवर आपटल्या. बलक लागून वाळलेल्या, मधी जरा वाकलेल्या, चोचीचा आकार घेतलेल्या. टकटकटकटक. पक्ष्यानं घमेल्यातून मान वर काढली आणि माझ्याकडं बघितलं. फाटकावरून ती पाचवीतली मुलगी म्हणली, "आता निघाला." माझ्या आजवरच्या सर्टिफिकेटांत हे सगळ्यात वर आहे. घशानं निघाला नाही याची हळहळ आहे, पण मामा म्हणले, "ठेव तुला," आणि त्या कामट्या आता माझ्या कार्यक्रमात असतात. शिंद्याच्या, कोष्ट्याच्या, कुणाच्याही लग्नात आधी किसनमामा काढतो आणि मग करकोचा. दोन्ही एकाच बॅगेत.

सकाळी गार्ड आले. जनावरांच्या डॉक्टरांनी पंख बघितला आणि बांधलेलं तसंच राहू द्या म्हणले. मामांची अट एकच होती, "पंखाची गाठ माझी." गार्ड सरळ माणूस, हो म्हणून पक्षी घेऊन गेले. मुदत भरली तेव्हा, दसऱ्याच्या आधी, पक्षी घेऊन ते थेट तळ्यावर आले, मामांनाही गाडीत बसवून आणलं. नारळ आणायचं काम रोग्याचं. या रोग्याला खिसा नाही, म्हणून तो मी आणला. हातवाला पण आला होता, हात मोकळा, बैलाचा कासरा धरून.

मामांनी काठावर बसून गाठ सोडली. पंख एकदा उघडून बोटांनी शेवटपर्यंत बघितला. मग हात मागं घेतले. पक्षी चार पावलं पाण्यात चालला, थांबला, आणि उठला.

"उडालं का?"

"उडालं मामा."

"वाकडं जायलंय का?"

"एकदम सरळ. बाभळीकडं."

"तुझं काय खरं धरायचं," मामा म्हणले. "तू नकला करून खानारा."

तळ्यावर वारं होतं, बाभळीवर पांढरे ठिपके हलत होते, आणि मामांचं तोंड भलत्याच बाजूला होतं.

मग बाभळीवरून आलं. टकटकटकटक. एकानं वाजवलं, दुसऱ्यानं त्यात मिसळलं.

मामांची मान डावीकडं गेली. "हे तू केलंस का रं?"

मी त्यांच्यापुढं हात केले. त्यांनी एक हात चाचपला, मग दुसरा. दोन्ही हातांनी नारळ धरला होता, कामट्या नव्हत्याच.

"आन इकडं," म्हणले, आणि दगड शोधायला लागले.